बेसा कोणासाठी बांधून राहिले?

मागच्या रविवारी मामा आर्णीहून आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले, पैसे हातात आले, आता नागपूरला फ्लॅट पाहिजे. त्यांना घेऊन बेसा-घोगलीकडे निघालो. मीही याच भागात राहतो.

ताबा देऊन झालेल्या एका इमारतीतच सॅम्पल फ्लॅट होता. सेल्सचा पोरगा सुरू झाला, "काकाजी, मिहान आहे, एम्स आहे, मेट्रो आहे, दोन वर्षांत भाव बघा." मिहान म्हणजे विमानतळाजवळचा कंपन्यांचा पट्टा. मामा सरळ बाथरूममध्ये गेले. नळाची तोटी अंगठ्याने घासली. पांढरी खपली निघाली.

"बोरचं पाणी. मे महिन्यात काय करता?"

"टँकर येते ना काकाजी."

बस, इथेच आमच्या बेशाची गोम आहे. महापालिकेच्या हद्दीबाहेरचा हा भाग, पेंच धरणाच्या पाण्याचं कौतुक आम्ही सिटीतल्या नातेवाइकांकडून ऐकायचं. मे महिन्यात तर माणसांआधी कूलरचीच टाकी भरावी लागते! मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकरच्या वर्गणीवरून दोन घरांचं बोलणं बंद झालं, अजून बंदच आहे.

मेट्रोचं म्हणाल तर २०१९ च्या मार्चमध्ये खापरी-सीताबर्डी सुरू झाली, छान आहे, मी जातोही. पण ती वर्धा रोडवर, रेल्वेलाइनच्या पलीकडे. उज्ज्वलनगर स्टेशनपर्यंत ऑटोला जे पैसे देतो, त्याहून तिकीट स्वस्त पडतं.

बाकी सोयींना नाव ठेवणार नाही. शाळा, दवाखाने, किराणा, सकाळचा तर्री-पोहा, सगळं पायाशी. गुरुवारी स्वामी समर्थांच्या मंदिराकडे जाताना गाडी लावायला जागा मिळाली तर नवस पावल्यासारखं वाटतं.

राहतं कोण इथे? आमच्याच इमारतीत बघा. यवतमाळचे मास्तर, चंद्रपूरचे वेकोलिचे, म्हणजे कोळसा खाणीतले, रिटायर, गडचिरोलीचे एक वनपाल. मुलं पुण्यात नाहीतर हैदराबादेत. मिहानमध्ये काम करणारी पोरं आहेत, पण तिघं मिळून टू बीएचके भाड्याने घेतात. जाहिरात मिहानची अन् पैसा पेन्शनचा, नाहीतर विकलेल्या वावराचा. वावर विकून आलेल्या माणसाला 'इन्व्हेस्टमेंट' शिकवू नका राजेहो, त्याला राहायचं आहे.

आणि घेणाऱ्यांनीही जरा विचारत जा. २०१७ ला रेरा, म्हणजे बिल्डरांवरचा कायदा, आला तेव्हापासून कार्पेटवर, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेवर, बोलायचं असतं, तरी आपले दलाल अजून जिना-लिफ्ट धरून फुगवलेला सुपर बिल्टअपचाच आकडा फेकतात. प्लॉट असेल तर एनएटीपी, म्हणजे अकृषक अन् नकाशा मंजूर, आहे की गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेला? गुंठेवारी असेल तर आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, झालं का? 'डिमांड (नियमित करायचे पैसे) भरली आहे, आरएल येऊन जाईल' यावर इसार देऊ नका. माझ्या ओळखीचा एक जण असाच चार वर्षांपासून चकरा मारून राहिला. कर्ज मागायला गेला की बँक त्याला दारातूनच परत पाठवते.

रात्री जेवण झाल्यावर मामा आमच्या गॅलरीत उभे होते. समोरच ती दुपारची इमारत, चोवीस फ्लॅट. पोरगा दुपारी म्हणाला होता, सगळे विकले गेले. मामांनी बोटाने खिडक्या मोजल्या.

"नऊ घरी लाइट आहे."

परवा आर्णीहून फोन आला. "नवीन नको. तुमच्या बिल्डिंगमध्ये कोणी विकून राहिलं तर सांग. अन् खालची टाकी किती लिटरची आहे, ते आधी पाहून ये."

खरं सांगतो, आठ वर्षं झाली इथे राहून, मलाच माहीत नव्हतं.