मंत्रीसाहेबांची एक ड्युटी आमच्या गाडीवर

परवा संध्याकाळी बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या टपरीवर चहा पिताना आमची जुंपली. ज्या खात्याचा मंत्री व्हायचं त्या खात्यात माणसानं कधीतरी राबलेलं असावं की नको, हा विषय. आमचे एक मास्तर (नाव घालत नाही, तेही फेसबुकवर आहेत) म्हणाले, "गरज काय? आमटी खारट झालीय हे कळायला आचारीच असायला पाहिजे होय?" सगळे हसले, मीही हसलो. खरं घरी आल्यावर डोक्यातनं जाईना, म्हणून लिहायलोय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

मी कर्नाटकाच्या सरकारी गाड्यांवर 31 वर्षं कंडक्टर होतो. निम्मी नोकरी खानापूरकडच्या खेड्यांत, शेवटची वर्षं बेळगावच्या आसपास. लागताना दहावीचं मार्कलिस्ट, आरटीओचं लायसन, बॅज, मेडिकल, मग जुन्या कंडक्टरच्या मागनं मागनं फिरणं, आणि त्यानंतर कुठं गळ्यात बॅग आली. कलेक्टर व्हायला निघालेल्या पोराला मसुरीत शिकवतात आणि वर वर्षभर जिल्ह्यात घालून खालपासनं सगळ्या कचेऱ्या फिरवतात. मंत्र्याला? घटनेचं 173 वं कलम आमदारकीला वय 25 आणि नागरिकत्व मागतंय. मंत्र्याला तर 164 व्या कलमाप्रमाणं आमदार नसतानाही सहा महिने खुर्ची मिळते. शपथ झाली की दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या, सगळे डेपो, सगळे कंडक्टर त्याचे.

मी ही कलमं बदला म्हणत नाही. अटी घालून लोकांनी निवडलेल्या माणसाला गाळायचं काम मला पटत नाही. माझं म्हणणं शपथेनंतरचं आहे.

11 जून 2023 ला शक्ती योजना सुरू झाली. कर्नाटकातल्या बायकांना साध्या गाड्यांत प्रवास फुकट. योजना चांगली, हे आधी लिहून ठेवतो, नाहीतर खाली कमेंटमध्ये मला कुठल्यातरी पक्षात घालाल. वर्षातनं दोनदा माहेरचं तोंड बघणाऱ्या बायका दर महिन्याला जायला लागल्या. भाजीची पाटी घेऊन बाजाराला येणारीच्या पदरात रोजचे भाड्याचे पैसे उरायला लागले. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

खरं फुकट असलं तरी तिकीट फाडायचंच असतं. झिरो तिकीट. आधार बघायचं, मशीनवर बटण दाबायचं, चिठ्ठी हातात द्यायची, कारण त्या चिठ्ठ्या मोजूनच सरकार महामंडळाला पैसे देतं. गाडीत सिटा पन्नास, माणसं शंभर. मागच्या दारापर्यंत पोचेस्तोवर चार स्टॉप गेलेले असतात. एखादी बाई चिठ्ठी न घेताच उतरली आणि खाली चेकिंगवाले उभे असले, तर मेमो कुणाला? मलाच. "फुकट हाय तर चिठ्ठी कशाला गा?" हे वाक्य मी दिवसाला किती वेळा ऐकलं असेन, मोजदाद नाही.

त्याच पावसाळ्यात उचगावच्या गाडीत दोन बहिणी चढल्या. मळेकरणी देवीला निघालेल्या, ओटीचं सामान मांडीवर. थोरली बेळगाव तालुक्यातच दिलेली, धाकटी शिनोळीच्या पलीकडं, चंदगड तालुक्यात. थोरलीला झिरो तिकीट दिलं. धाकटीचं आधार बघितलं, जिल्हा कोल्हापूर. म्हटलं, "अक्का, तुमचं तिकीट लागतंय." ती म्हणाली, "का वं? मी काय परदेशातनं आलोय काय? ह्याच गाडीनं शाळंला गेलोय मी." गाडीतली माणसं बघायला लागली. थोरलीनं कमरेची पिशवी सोडून बहिणीचे पैसे दिले. उचगाव येईस्तोवर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. कर्नाटकाची तिजोरी, कर्नाटकाच्या बायका. महाराष्ट्रानंही 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं, तेही त्यांच्या हद्दीपुरतंच. दोन्ही सरकारांचं आपापल्या जागी बरोबर आहे. पण फायलीत ती एका ओळीची गोष्ट असते, दुसऱ्या राज्यातल्या महिलांना लागू नाही, आणि ही ओळ त्या बाईला तोंडानं सांगायचं काम माझं असतं. बेंगळूरूत सही करणाऱ्याला ती कधी सांगावी लागत नाही. आपल्याकडं सोयरिक हद्दीचा दगड बघून होत नाही, हे त्याला ठाऊक असायचं कारणही नाही. मंत्र्यानं तिकीट फाडायला शिकावं, गाडी चालवायला शिकावं, असला माझा आग्रहच नाही. आपण केलेला नियम आपल्या तोंडानं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून, दहा जणांना सांगावा. एवढंच मागणं आहे. त्यानंतरही तो बदलायचा नाही असं ठरलं, तर नको बदलू दे.

मास्तरांच्या आमटीचं उत्तर मला तिथं सुचलं नाही, नेहमीसारखं घरी सुचलं. खारट झालेलं कळतं ते जेवणाऱ्याला. मंत्री आमच्या पंक्तीला बसतात कुठं? सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मोठ्या बसस्टँडवर, सहाच्या गाडीला उभा असलेला मंत्री कुणी बघितला असेल तर फोटो टाका.

आता माझ्याच म्हणण्याला आडवी जाणारी गोष्ट सांगतो, लपवत नाही. आमच्या एका डेपोत एक साहेब होते. स्वतः कंडक्टरकीतनं वर चढलेले, वस्तीच्या गाडीत टपावरच्या ताडपत्रीखाली झोपलेले. त्यांच्याइतका कडवा साहेब मी बघितला नाही. रजा मागायला गेलं की म्हणायचे, "आमच्या वेळी ताप अंगावर काढायचो आम्ही." स्वतः राबलेल्या माणसाला आपलंच राबणं खरं वाटतं, पुढच्याचं नाटक वाटतं. म्हणजे पूर्वी कधीतरी अनुभव घेतला होता, याला फार अर्थ नाही. त्यांच्या काळात गाडीत चाळीस माणसं असायची, झिरो तिकीट नव्हतं, मशीन नव्हतं. काम बदललं, साहेबांच्या डोक्यातलं काम बदललं नाही. म्हणून मी एकदाचा अनुभव मागत नाही. दरवर्षी पाहिजे.

ग्रामवास्तव्याचं काय, असं कुणीतरी विचारेलच. 2006 साली मुख्यमंत्री असताना कुमारस्वामींनी खेड्यात जाऊन राहायचा तो कार्यक्रम सुरू केला, 2019 ला परत केला. लोकांना बरं वाटलं, अर्ज घेतले, काही कामंही झाली असतील. खरं ते पाहुणे म्हणून राहणं. पाहुण्याला फुटक्या कपातनं चहा कोण देतंय? साहेब यायच्या आधी रस्त्यावर डांबर पडतं आणि शाळेचा बंद नळ चालू होतो. कामगार म्हणून गेलं तरच फुटका कप हातात येतो.

आणि हे काही नवं नाही. गांधीजी 1901 साली कलकत्त्याच्या काँग्रेसला गेले, तेव्हा तिथल्या संडासांची दशा बघून स्वतः झाडू मागून घेतला, वर कारकुनाचं पत्रं लिहायचं काम केलं. तेच गांधीजी 1924 च्या डिसेंबरात आपल्या बेळगावात काँग्रेसचे अध्यक्ष होऊन आले. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्याच वेळची. त्या अधिवेशनात सफाईचं काम काकासाहेब कालेलकरांनी अंगावर घेतलं होतं, आपल्या बेळगुंदीशी नातं असलेला माणूस. शताब्दीला विहिरीवर रोषणाई झाली. झाडूची आठवण किती जणांना झाली कुणास ठाऊक.

2025 च्या फेब्रुवारीत काय झालं ते आठवा. बेळगावजवळ गाडीत भाषेवरनं वाद झाला, कंडक्टरला मारहाण झाली, आणि बघता बघता दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबल्या. मी तेव्हा रिटायर झालो होतो, फोन मात्र चालू होते. दोन्हीकडचे नेते माईकवर बोलत होते आणि निपाणीच्या अलीकडं-पलीकडं दवाखान्याला जाणारी, लग्नाला जाणारी, परीक्षेला निघालेली माणसं बॅगा घेऊन उभी होती. आमच्या गाड्यांवरची पाटी कन्नडात असते. जी म्हातारी ती वाचू शकत नाही, तिच्यासाठी कंडक्टर दारात लोंबकळत मराठीत ओरडतो, "जांबोटी, कणकुंबी, जांबोटी!" मी मराठी माणूस, अर्ध्या गाडीशी कन्नडात बोलायचो. माझ्या शेजारी बसणारा कन्नड ड्रायव्हर खानापूर ओलांडलं की मराठीत शिव्या द्यायचा, त्याही अस्सल. 31 वर्षांत भांडणं झाली ती सुट्ट्यावरनं, खिडकीवरनं, कोंबडीच्या तिकिटावरनं. भाषेवरनं वादावादी झाली ती दोन-तीनदाच, आणि दोन्ही भाषांत "सोड की" म्हटल्यावर मिटली. हे माईकवरच्या माणसाला कसं कळायचं?

तर मला सुचलेलं सांगतो, हसायचं असेल तर हसा. दरवर्षी बहुधा डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनाला सगळं सरकार बेंगळूरूहून आपल्या दारात येतं. 11 ऑक्टोबर 2012 ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते उद्घाटन झालेलं सुवर्ण विधानसौध हलग्याच्या माळावर वर्षभर वाट बघत असतं, दहा-बारा दिवस भरतं. त्या दिवसांत शहरात पोलीस किती, गाड्या किती, मोर्चे किती, तुम्हाला सांगायला नको. त्यातले दोन दिवस प्रत्येक मंत्र्यानं आपल्या खात्याच्या शेवटच्या टोकाला काम करावं. आरोग्यवाल्यानं खेड्यातल्या आशाताईबरोबर रजिस्टर घेऊन घरोघर फिरावं. महसूलवाल्यानं नाडकचेरीच्या, म्हणजे महसुलाच्या खालच्या कचेरीच्या, खिडकीत बसून, कन्नड न येणाऱ्या म्हाताऱ्याला कन्नड अर्ज भरायला सांगावा, आणि "सर्व्हर डाऊन हाय, उद्या या" हेही स्वतःच म्हणावं. वीजवाल्यानं रात्री लाईनमनबरोबर खांबाखाली उभं राहावं, वर चढू नये, आम्हाला पोटनिवडणूक नको आहे. कॅमेरा नको, बॅनर नको, आधी वर्दी नको.

मास्तर म्हणतील, दोन दिवसांत काय कळतंय? काम कळणार नाही, कबूल. संध्याकाळी कॅश भरताना हिशेबात कमी पडले की पोटात कसं होतं, तेवढं कळेल. ते फायलीत कुठंच लिहिलेलं नसतं.

वाहतूकवाल्या साहेबांसाठी मी कणकुंबीची वस्तीची गाडी सुचवतो. संध्याकाळी निघायची, रात्री तिथंच मुक्काम, पहाटेच्या थंडीत परत. माझी जुनी कातड्याची बॅग अजून घरात खुंटीला आहे, ती द्यायला तयार आहे. सुट्टे मात्र त्यांनी घरनं आणावेत. डेपोतनं मिळतात ते पहिल्या स्टॉपपर्यंतसुद्धा पुरत नाहीत.