पेटी न उघडता मधमाश्या पाळायच्या म्हणे!

परवा रात्री दहाला भावजींचा फोन. "वहिनी, पाच पेट्या बुक केल्या. सेन्सरवाल्या. आता तुमच्यासारखं तोंडाला जाळी बांधून शेतात उभं राहायला नको." पाठोपाठ तो मेसेज आला, जो ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या अर्ध्या गोतावळ्यात आधीच फिरून झालाय. त्याचं म्हणणं असं: शिबिरं विसरा, चार तासांचे व्हिडिओ बघा. पेटीत सेन्सर बसवा. पेटी उघडूच नका, माश्या चिडतात. मोबाईल सांगेल त्या दिवशी मध काढा. आणि खाली पुरावा: जिनिव्हाचा ह्यूबर आंधळा होता, तरी जगाला मधमाश्या त्यानेच शिकवल्या!

मी नऊ हिवाळे मुरैनाच्या वाटेवर मोहरीच्या शेताकडेला पेट्या मांडतेय. घरच्याच माणसाने मेसेजवर विश्वास ठेवावा याचा राग आहे, तो लपवत नाही.

"पेटी उघडूच नका" हे सगळ्यात घातक, म्हणून आधी तेच. पिल्लं वाढतात त्या भागात माश्या 34-35 अंश ऊब राखतात. सेन्सर ती ऊब आणि पेटीचं वजन मोजतो आणि हिरवा दिवा दाखवतो. आता समजा, आज राणी मेली. तिने काल घातलेल्या अंड्यातून कामकरी माशी बाहेर पडायला 21 दिवस लागतात. तोवर पेटीत पिल्लं आहेत, माश्या त्यांना ऊब देतच राहणार. म्हणजे जवळजवळ तीन आठवडे दिवा हिरवाच! वजनही चढतच राहील, कारण बाहेर मोहरी फुललीय. माश्या नवी राणी घडवू शकतात, पण तीनेक दिवसांपर्यंतच्या कोवळ्या अळीपासूनच. अंडं फुटायचे तीन दिवस त्यात धरा. सहा दिवसांत जमलं तर जमलं. ते फसलं तर दुसऱ्या पेटीतली अंड्यांची चौकट, म्हणजे पोळं बांधलेली लाकडी फ्रेम, आणून द्यावी लागते. ती कोण देणार, मोबाईल? कुणीच दिली नाही की पुढे कामकरी माश्याच अंडी घालू लागतात आणि त्यातून निघतात फक्त नर. मग नवी राणी आणून सोडली तरी ती वसाहत तिला सहसा पत्करत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. दुसऱ्या वर्षी माझी सगळ्यात जड पेटी थंडीच्या भीतीने मी महिनाभर उघडली नाही. उघडली तेव्हा पोळ्याच्या एकेका घरात चार-पाच अंडी, भिंतींना चिकटलेली, म्हणजे कामकरी माश्यांनी घातलेली. मध मिळाला, वसाहत गेली. माझ्याकडे तेव्हा सेन्सर नव्हता, नुसता आळस होता.

आणि व्हिडिओ? सूर्य खांद्यामागे ठेवायचा, चौकट तिरकी धरायची, उजेड घराच्या तळापर्यंत जायला हवा. तेव्हा कुठे अंडं दिसतं. पहिल्या दिवशी ते उभं असतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं. उभं अंडं दिसलं की राणी कालपर्यंत इथे होती. तिला शोधत बसायची गरजच नाही. पेट्या घेऊन फिरणाऱ्या एका म्हाताऱ्या मधपाळाने माझं मनगट धरून तो कोन लावून दिला होता. व्हिडिओत तो कोन कॅमेऱ्यावाल्याने आधीच लावलेला असतो, आपण नुसतं "वा" म्हणतो. माश्या बिथरल्या की पिकल्या केळ्यासारखा वास येतो, तोही मोबाईलमधून येत नाही.

एक मात्र मान्य करावं लागेल. ग्वाल्हेरच्या जानेवारीत सकाळी सकाळी पेटी उघडली तर पिल्लं गारठतात. म्हणून अकरानंतर, ऊन असताना, वारा नसताना आणि झटपट. रोज उठून उघडणंही चूकच. पेट्या चाळीस किलोमीटरवर असतील तर वजनाचा काटा पेट्रोल वाचवतो, तेही खरं. बरं, झालं?

मध काढायचा दिवस: काट्याला फुलांचा पातळ रस आणि पिकलेला मध सारखाच. घरं मेणाने बंद झालीत का बघा, चौकट आडवी धरून झटका द्या. थेंब उडाले तर थांबा.

राहिला बिचारा ह्यूबर. आंधळा होता, खरंय. पण त्याच्या पेट्या उघडत कोण होतं? फ्रान्स्वा बुर्नेन्स, त्याचा नोकर. अंडी घालणाऱ्या कामकरी माश्या खरोखर असतात का, हे ठरवायला या माणसाने दोन पेट्यांतली एकेक माशी धरून तपासली. अकरा दिवस लागले. हे खुद्द ह्यूबरनेच लिहून ठेवलंय. मेसेज लिहिणाऱ्याने ह्यूबर निवडावा, हा विनोदच.

भावजी, पेट्या येऊ देत. रविवारी अकराला शेतावर या, जाळी माझ्याकडे जास्तीची आहे. अत्तर लावून येऊ नका, आणि तो काळा लोकरी कोट घरीच ठेवा.