मुंबईच्या नळाचे पाणी ‘विषारी’ ठरवणाऱ्या संदेशाला उत्तर

मुंबई महानगरपालिकेचे पाणी विषारी आहे आणि आरओ यंत्राखेरीज ते पिऊ नये, असा संदेश गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत वारंवार फिरतो. त्यात पाच पुरावे दिलेले असतात: टीडीएस मीटरवरचा आकडा, विजेच्या प्रयोगात तपकिरी होणारे पाणी, क्लोरीनमुळे होणारा कर्करोग, नळातून कधीकधी येणारे दुधाळ पाणी आणि २०१९ साली शहरांच्या नळाच्या पाण्याच्या तपासणीत मुंबईला मिळालेला ‘बनावट’ पहिला क्रमांक. मुंबईच्या पाण्यात धोका नाही, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र तो जिथे आहे तिकडे या पाचांपैकी एकही पुरावा बोट दाखवत नाही.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या घटकांचे, मुख्यतः क्षारांचे, एकूण प्रमाण. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार ते लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालते. तानसा, भातसा, मोडकसागर यांसारख्या सात तलावांत साठणारे मुंबईचे पाणी मुळात पावसाचे असल्यामुळे त्यातला टीडीएस या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतो. इमारतीच्या टाकीत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळले जात असेल तर आकडा चढतो, पण त्याचा दोष पालिकेला देता येणार नाही. शिवाय हा मीटर केवळ पाण्याची विद्युतवाहकता मोजून क्षारांचा अंदाज बांधतो. आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे, तर या मीटरवरची सर्वांत लहान पायरी १ मिलिग्रॅमची. म्हणजे मर्यादेच्या शंभरपट आर्सेनिक असले तरी मीटरला त्याचा थांग लागणार नाही, आणि जिवाणू तर त्याला दिसतच नाहीत. सुरक्षिततेचा निवाडा अशा उपकरणाकडे सोपवणे हीच मूळ चूक आहे.

विजेच्या प्रयोगाला मात्र चूक म्हणणे सौम्य होईल; ती फसवणूक आहे. विक्रेता दोन पेले मांडतो, एकात नळाचे पाणी आणि दुसऱ्यात आरओचे, आणि दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतो. क्षणात नळाचे पाणी हिरवट-तपकिरी होऊन त्यावर गाळ तरंगू लागतो, आरओचे मात्र स्वच्छ राहते, आणि पाहणाऱ्यांची खात्री पटते. प्रत्यक्षात त्या कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. क्षारयुक्त पाण्यातून वीज वाहते तेव्हा ते लोखंड विरघळते आणि दिसणारा गाळ त्या लोखंडाचाच असतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने त्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून रंग बदलत नाही. त्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि प्रयोग पुन्हा करायला लावा. तेही तसेच तपकिरी होईल. (विक्रेते या विनंतीला सहसा राजी होत नाहीत.)

क्लोरीनचा मुद्दा पूर्णपणे निराधार नाही. पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगे तयार होतात आणि क्लोरोफॉर्मची गणना संभाव्य कर्करोगकारकांत होते. म्हणूनच आयएस १०५०० मध्ये त्याला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा घातलेली आहे. परंतु आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ साली क्लोरीनयुक्त पेयजलाचा समावेश ज्या गटात केला, तो ‘कर्करोगकारक आहे असे ठरवता येत नाही’ असा गट आहे. आणि या उपपदार्थांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट भूमिका आहे. कॉलरा, विषमज्वर आणि कावीळ यांच्याविरुद्ध नळाच्या टोकापर्यंत पाण्याबरोबर येणारे संरक्षण क्लोरीन एवढेच असते. दुधाळ पाण्याबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही: पेला दोन मिनिटे तसाच ठेवावा, पाणी तळाकडून वर निवळत गेले तर ती विरघळलेली हवा होती.

राहिला २०१९चा क्रमांक. त्या नोव्हेंबरमध्ये तत्कालीन केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री रामविलास पासवान यांनी मानक ब्युरोच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. मुंबईचे दहाही नमुने तपासलेल्या सर्व निकषांवर उतरले आणि दिल्लीचे अकराही नापास झाले. हे निष्कर्ष बनावट नव्हते. तसेच, एवढ्या मोठ्या शहरातले दहा नमुने म्हणजे घरोघरच्या पाण्याला मिळालेला दाखलाही नव्हे, हे पहिल्या क्रमांकाचे कौतुक करणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे.

कारण भांडुप आणि पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रांतून निघालेले पाणी बिघडते ते वाटेत. मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी दिवसातून काही तासच येते; उरलेल्या वेळी वाहिनीतला दाब उतरतो आणि शेजारून गटार वाहत असेल तर गळतीच्या जागेतून सांडपाणी आत ओढले जाते. पुढे इमारतीची जमिनीखालची टाकी आणि गच्चीवरची टाकी, जिची जबाबदारी पालिकेची नसून सोसायटीची असते. पालिकेच्या पर्यावरण स्थिती अहवालात विभागवार अयोग्य नमुन्यांचे प्रमाण छापले जाते, आणि शहराची सरासरी पाहून समाधान मानण्यापेक्षा आपल्या विभागाचा आकडा पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

हा धोका जंतूंचा आहे, क्षारांचा नाही. त्याला पाणी उकळणे किंवा अतिनील किरणांनी जंतू मारणारे साधे यूव्ही यंत्र पुरते. पाणी गढूळ असेल तर आधी गाळून घ्यावे. आरओ जंतू अडवते हे खरे, पण त्यासाठी पुष्कळ पाणी वाया घालवते; म्हणूनच टीडीएस ५०० पेक्षा कमी असलेल्या भागांत त्याच्या वापरावर बंदी आणावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये दिला होता. शिवाय आरओमधून क्लोरीनही निघून जाते, त्यामुळे ते पाणी पुढे साठवले तर त्याला संरक्षण उरत नाही. २०२५च्या आरंभी पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसची (गुईलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली, तेव्हा महापालिकेने तिथल्या अनेक खासगी आरओ केंद्रांना दूषित पाण्यामुळे टाळे ठोकले होते.

सोसायटीने वर्गणी काढून यंत्र घेण्याआधी पालिकेची जोडणी जिथे येते तिथल्या आणि स्वयंपाकघरातल्या नळाच्या पाण्याची ओटी चाचणी (पाण्यात उरलेले क्लोरीन रंगावरून दाखवणारी) करून घ्यावी. नळाला उर्वरित क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवे. ते जोडणीपाशी आहे आणि घरात नाही असे आढळले, तर आधी टाक्या उपसून धुवायला हव्यात.