छप्पर कोण शाकारणार?

तुमच्या लेखात जपानमधल्या शिराकावा-गोमधल्या ओगिमाची गावाची गवती छपरांची जुनी घरं 'सरकारने जपली' असं म्हटलंय, ते अर्धंच खरं. 1995 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आलं, पण त्याआधी 1971 मध्येच गावकऱ्यांनी स्वतः ठरवलं होतं : घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. खरी गोष्ट इथे आहे.

या घरांच्या शैलीला 'गास्शो' म्हणतात, म्हणजे जोडलेले हात. छपराचा उतार तसाच, उभट, बर्फ घसरून पडावा म्हणून. वरचा सांगाडा खिळ्यांशिवाय, दोरखंडांनी आणि लवचीक फांद्यांनी बांधलेला. माळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळत; एवढ्या उंच छपराखालची जागा वाया कोण घालवेल! छपराचं गवत काही दशकांनी बदलावं लागतं आणि ते एका कुटुंबाच्या आवाक्यातलं काम नाही. त्यासाठी 'युई', म्हणजे आज तुमच्याकडे, उद्या माझ्याकडे. शेकडो माणसं छपरावर चढतात. आपल्याकडच्या इर्जिकीचीच भावंडं म्हणा ना.

आगीची भीती मात्र कायमची. म्हणून पाण्याचे फवारे बसवलेत आणि त्यांची दरवर्षी चाचणी होते. फोटो छान येतात त्याचे, पण कारण गंभीर आहे. हंगेरीतलं होलोको गाव 1909 मध्ये जळालं होतं. लोकांनी ते जुन्याच पद्धतीने पुन्हा बांधलं, आणि 1987 मध्ये तेही जागतिक वारशात गेलं. म्हणजे तिथे 'जुनं' काय, भिंती की बांधायची रीत? मला तर रीतच वाटते.

पुढच्या लेखात पर्यटकांच्या गर्दीबद्दलही लिहा. त्या घरांत अजून माणसं राहतात.