थ्रीडीच्या श्राद्धाची घाई

नमस्कार. एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभारी आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: थ्रीडी म्हणजे दर पिढीत उकरून काढलेला तमाशा, १९५०च्या दशकात तो बुडाला, टीव्हीवर बुडाला, ‘अवतार’ सोडला तर हाती काही नाही आणि वर डोकं दुखतं ते वेगळंच. म्हणून थ्रीडी अजून संपलेलं नाही असं म्हणणारा माझा लेख तुम्हाला चष्मेवाल्यांची जाहिरात वाटला. (तसे पैसे मिळाले असते तर ब्लॉग कशाला लिहीत बसलो असतो!)

टीव्हीबद्दल वादच नाही. २०१० साली वाजतगाजत आलेले ते संच २०१७पर्यंत सोनी आणि एलजीनेही बंद केले. आपण टीव्ही बघतो भाजी निवडत, फोन चाळत. त्यासाठी चष्मा चढवून कोण बसणार?

पण ‘दर वेळी तेच झालं’ हे मला पटत नाही. १९५२-५४च्या लाटेत दोन डोळ्यांच्या दोन चित्रांसाठी दोन प्रोजेक्टर एकदम चालवावे लागत. एका रिळातल्या चार फ्रेम तुटल्या आणि दुसऱ्यात तेवढी भरपाई केली नाही, की दोन डोळ्यांना दोन वेगळ्या क्षणांची चित्रं दिसायची. डोकं दुखणारच. डिजिटल प्रोजेक्शनने तो प्रश्न मिटवला. २००९च्या ‘अवतार’नंतरचं दुखणं निराळं होतं: अंधार. साध्या सिनेमासाठी पडद्यावरच्या उजेडाचं प्रमाण १४ फूट-लॅम्बर्ट धरलेलं आहे. थ्रीडीत ते कित्येकदा तीन-चारवर येतं, कारण फिल्टर आणि चष्मा मिळून बहुतेक उजेड गिळतात. पुढच्या वेळी एखाद्या रात्रीच्या प्रसंगात क्षणभर चष्मा काढून बघा. कडा दुहेरी दिसतील, पण आपण किती काळोखात बसलो होतो ते लगेच कळेल.

त्यात घाईघाईने केलेली रूपांतरं. ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ (२०१०) साधा चित्रित करून काही आठवड्यांत थ्रीडी केला. माणसं पुठ्ठ्यातून कापून उभी केल्यासारखी दिसतात. ‘ग्रॅव्हिटी’ (२०१३)ही बराचसा रूपांतरितच, पण तिथे खोलीचा, म्हणजे जवळ-लांबच्या भासाचा, विचार आधीपासून झाला होता. फरक पडद्यावर दिसतो. आपल्याकडे ‘झपाटलेला २’ त्याच वर्षी थ्रीडीत आला. वस्तू अंगावर फेकण्याची हौस १९८४च्या मल्याळम ‘माय डिअर कुट्टिचातन’पासूनची. ती पोरांना आवडते, त्यात मला तरी काही गैर वाटत नाही.

डोकेदुखीचा तुमचा आक्षेप मात्र सगळ्यात वजनदार. संकलक वॉल्टर मर्च यांनी तो २०११मध्ये नेमका मांडला होता: डोळे वळतात जवळ भासणाऱ्या वस्तूकडे, पण फोकस ठेवावा लागतो लांबच्या पडद्यावर. उजेड वाढवणाऱ्या लेझर प्रोजेक्टरनेही हे सुटत नाही. पण हा ताण पडदा लांब असला की कमी होतो आणि जवळ आला की वाढतो. म्हणजे जे थिएटरात निभावतं, ते दिवाणखान्यात जड जातं. माझ्या मते टीव्हीवर थ्रीडी न टिकण्यामागे हेही एक कारण होतं.

डोळ्यांवर चढवायच्या, आत पडदे असलेल्या हेडसेटमध्ये फोकसचं अंतर ठरलेलंच असतं, तेव्हा हा दोष तिथेही आहे. पण प्रत्येक डोळ्याला स्वतंत्र चित्र मिळतं. त्यामुळे उजेड वाटून घ्यावा लागत नाही, एका डोळ्याचं चित्र दुसऱ्यात झिरपत नाही. ॲपलचा असा हेडसेट, व्हिजन प्रो, २०२४मध्ये आला तो ३,४९९ डॉलरला. त्या भावात घरोघरी जाणं शक्यच नाही. मात्र आयफोन १५ प्रोपासून फोनवरच थ्रीडी व्हिडिओ काढता येतात. दोन लेन्समधलं अंतर डोळ्यांपेक्षा बरंच कमी असल्याने डोंगर सपाटच दिसतात, पण हाताच्या अंतरावर रांगणारं बाळ सुरेख येतं. तेव्हा माझा अंदाज असा: घरी दोन-पाच मिनिटांच्या खाजगी आठवणी, थिएटरात वर्षाकाठी मोजके, खोलीसाठीच रचलेले चित्रपट. कौटुंबिक नाटकाला थ्रीडी लावा असं मी कुठेच म्हटलेलं नाही.

आणि एक. डोकं प्रत्येक थ्रीडी खेळाला, तेही पहिल्या काही मिनिटांतच दुखत असेल, तर डोळे तपासून घ्या. दोन्ही डोळ्यांचा मेळ नीट बसत नसेल, तर तो दोष कधीकधी असाच उघडकीला येतो.