उचलली जीभ, लावली पिचरला

बेसबॉलमध्ये चाळिशीकडे झुकलेला एखादा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) दोन महिने बरे चेंडू टाकू लागला की लगेच सुरू होतं: "घेत असणार काहीतरी, स्टेरॉइड वगैरे." पिचर जेक अरिएटा बाल्टिमोरच्या संघाकडून चाचपडत होता. शिकागो कब्स संघाकडे आला, सुधारला, सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार 2015 मध्ये घेऊन गेला. तो तर तिशीचाही नव्हता, तरी कुजबूज झालीच. टेस्ट पॉझिटिव्ह? नाही. साक्षीदार? नाही. आकडे चांगले, एवढाच गुन्हा.

स्टेरॉइड ही फक्त बॅटरची भानगड, असं मी म्हणत नाही. सामन्याची सुरुवात करणाऱ्या स्टार्टर पिचरला दर पाचव्या दिवशी तोच खांदा पणाला लावायचा असतो, त्यामुळे लवकर भरून येणारं शरीर त्याला हवंच असतं. मोह समजतो. पण मोह असू शकतो म्हणजे त्याने घेतलंच, ही उडी कुठून मारता?

2006 चं प्रकरण बघा. जेसन ग्रिम्सली या पिचरच्या घरी ग्रोथ हार्मोनचं पार्सल आलं आणि फेडरल अधिकाऱ्यांनी त्याला गाठलं. त्याने इतर खेळाडूंची नावं सांगितली, पण प्रतिज्ञापत्र बाहेर आलं तेव्हा त्या नावांवर काळ्या पट्ट्या होत्या. पट्ट्यांखाली रॉजर क्लेमन्स आणि अँडी पेटिट हे नामवंत पिचर आहेत, असं लॉस एंजेलिस टाइम्सने छापून टाकलं. डिसेंबर 2007 मध्ये पट्ट्या निघाल्या, तर दोघांपैकी एकाचंही नाव नाही! पेपरला चूक कबूल करावी लागली.

आता गंमत अशी, की त्याच महिन्यात, काही दिवस आधीच, बेसबॉलमधल्या स्टेरॉइड वापराच्या चौकशीचा मिचेल रिपोर्ट आला होता आणि त्यात दोघंही होते. ट्रेनर ब्रायन मॅकनामीने इंजेक्शनं दिल्याचं सांगितलं होतं. पेटिटने ग्रोथ हार्मोन घेतल्याचं लगेच मान्य केलं, क्लेमन्सने साफ नाकारलं. म्हणजे पेपरचा पुरावा खोटा निघाला आणि पेटिटवरचा संशय खरा. याला पत्रकारिता म्हणायचं की मटका?

क्लेमन्सवर अमेरिकी काँग्रेससमोर, म्हणजे तिथल्या संसदेसमोर, खोटं बोलल्याचा खटला चालला. मॅकनामीने वापरलेल्या सुया आणि कापसाचे बोळे बिअरच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून वर्षानुवर्षं घरात जपून ठेवले होते! (कोण ठेवतं असं?) त्यावर क्लेमन्सचा डीएनए असल्याची साक्षही झाली. तरी जून 2012 मध्ये ज्युरीने सगळ्या आरोपांतून त्याला सोडलं.

माझं मत विचाराल तर क्लेमन्सवरचा संशय मला पटतो. पेटिटबद्दल मॅकनामीने जे सांगितलं ते खरं निघालं, मग तोच माणूस क्लेमन्सबद्दल तेवढा थापा मारेल? पण पटणं वेगळं, सिद्ध होणं वेगळं. मी त्याला दोषी म्हणणार नाही. आणि या संशयामागे निदान नाव-गाव असलेला साक्षीदार आहे. अरिएटामागे काय होतं?

बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंना मान देणाऱ्या हॉल ऑफ फेमचं मतदान तर अजबच. 2022 मध्ये क्लेमन्सला 65.2 टक्के मतं पडली आणि 75 ची अट असल्याने तो बाहेर राहिला. त्याच मतदानात बॅटर डेव्हिड ऑर्टिझ 77.9 टक्क्यांनी आत गेला. 2003 च्या गुप्त चाचणीतल्या पॉझिटिव्ह यादीत ऑर्टिझचं नाव असल्याची बातमी फुटली होती, म्हणजे संशय त्याच्यावरही होताच. पण ऑर्टिझ हसरा, लोकांचा लाडका. क्लेमन्स खडूस; 2000 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (मोसमाच्या अंतिम मालिकेत) त्याने तुटलेल्या बॅटचा तुकडा समोरच्या संघाचा बॅटर माइक पियाझाच्या दिशेने भिरकावला होता. स्वभाव नडला, असं मला तरी वाटतं.

कुणी खाली कमेंटमध्ये "अरे पण बॉडी बघ ना" लिहायच्या आधी 2005 आठवा. सिएटल संघाचा पिचर रायन फ्रँकलिन त्या वर्षी टेस्टमध्ये सापडला आणि बंदी येऊन दहा दिवस घरी बसला. धड वेगवान नाही, धड धिप्पाड नाही, आणि त्या मोसमात जिंकण्यापेक्षा हरलाच जास्त. त्याच्यावर कुणी बोट ठेवलं होतं?