प्रश्नावलीपलीकडचे संशोधन

बांधकाम व्यवस्थापनातील शोधनिबंध प्रत्यक्ष कामावर पोहोचत नाहीत आणि त्याला महागडी नियतकालिके जबाबदार आहेत, असे एका लेखात म्हटले आहे. त्यातील पहिले निरीक्षण मान्य आहे. मात्र त्याचे खापर केवळ महागड्या नियतकालिकांवर फोडणे पटत नाही. प्रकल्प रखडण्याच्या कारणांची प्रश्नावली वाटायची आणि उत्तरांवरून सापेक्ष महत्त्व निर्देशांक (कोणते कारण इतरांच्या तुलनेत किती महत्त्वाचे हे दाखवणारा आकडा) काढून क्रमवारी लावायची, हा साचा इतका रुळला आहे की ठेकेदारांची देयके थकतात हा निष्कर्ष (जो कोणताही मुकादम सांगेल) पुन्हापुन्हा छापला जातो. आमच्या कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतरचे मुदतवाढीचे अर्ज, झालेल्या कामाची मापे नोंदवलेल्या मोजमाप पुस्तिका आणि साइटवरच्या दैनंदिन नोंदी तपासल्या, तर पुराने खाल्लेले दिवस आणि नियोजनाअभावी गेलेले दिवस वेगळे करता येतील. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केल्याने नियतकालिकांची पारख आता संस्थांवरच आली आहे. त्यांनी निबंधांची संख्या न मोजता अशी मूळ सामग्री मागावी.